दिबा कोण होते विचारलंस म्हणून

घणसोली गाव, रविवार रात्र

प्रिय सच्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की अरे नवी मुंबई विमानतळाच्या नावावरून एवढा दंगा कशाला, हे दिबा पाटील नक्की कोण रे, आमदार वगैरे होते ना. मी तेव्हा हसलो, नंतर सांगतो म्हटलं, पण फोन ठेवल्यावर झोपच लागेना. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो आपण आणि तुला हे माहीत नाही, आता यात चूक तुझी की कधी सांगितलं नाही म्हणून माझी, ते तूच ठरव. व्हॉट्सॲपवर तुटक तुटक होईल म्हणून एकदाचं लिहूनच काढतोय, चहा घेऊन बस.

आमदार होते, हो. पाच वेळा, पनवेलमधून, 1957, 62, 67, 72 आणि 80. खासदार दोनदा, 1977 आणि 1984, तेव्हा मतदारसंघाचं नाव कुलाबा, मुंबईतलं नव्हे, आताचा रायगड. विधानसभेत विरोधी पक्षनेते पण झाले. जवळपास सगळं आयुष्य शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, लाल बावटा, आणि उतारवयात शिवसेनेत गेले, त्यावरून आमच्याकडे बाबा आणि काका अजून जेवताना वाजवतात, ते सोड. पण 84 चं बघ ना. डिसेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट, भले भले वाहून गेले, आणि इथून शेकापचे दिबा निवडून आले. त्याचं कारण त्याच वर्षीच्या जानेवारीत आहे.

1970 ला सिडको आली, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी. ठाणे, पनवेल, उरण मिळून 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. भातशेती, मिठागरं, खाजण, सगळंच. संपादनाचा कायदा इंग्रजांचा, 1894 चा, म्हणजे आधी नोटीस, मग भाव सरकारच ठरवणार, पैसे घ्या आणि निघा. आमचा आजा शेवटपर्यंत "जमीन गेली" असं कोणाला म्हणू द्यायचा नाही, लगेच तोडायचा, "गेली नाय, घेतली." 16 आणि 17 जानेवारी 1984 ला, आधी जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघरला, याच जमिनींसाठी दिबांच्या नेतृत्वाखाली उतरलेल्या आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, दोन दिवसांत पाच जण गेले. जासई म्हणजे दिबांचं स्वतःचं गाव. आजा आजीला न सांगताच टेम्पोत बसून गेलेला, तिसऱ्या दिवशी परत आला तो अनवाणी, एक चप्पल तिकडेच पडली म्हणून दुसरी पण टाकून आला म्हणे. पुढचं तो कधी बोललाच नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता माझं मत सांगतो. लोक दिबांना मोर्चेवाला म्हणून ओळखतात, मला मात्र त्यांच्यातला वकील जास्त भारी वाटतो. कारण नुसता भाव वाढवून मागणं कोणालाही जमलं असतं, आणि वाढीव पैसे चार वर्षांत लग्नात, हळदीत आणि मोटरसायकलीत संपले असते (आमचे संपलेच). पण ज्या जमिनीवर शहर होणार तिची किंमत शहर झाल्यावर वाढणार, मग त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा का नको, हे जे आहे ना, ते कायद्याची चौकट माहीत असलेल्या माणसाचं डोकं आहे. त्यातूनच साडेबारा टक्के आलं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित प्लॉट परत. नवी मुंबईसाठी सरकारी निर्णय निघायला 1990 उजाडलं.

तुला हिशोब करून दाखवतो, कारण तू गणितवाला. आमची दोन एकर, म्हणजे 80 गुंठे. साडेबाराने झाले 10 गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयीसुविधांसाठी कापून हातात पावणेनऊ टक्केच येतात, म्हणजे 7 गुंठे. आणि आज्याला पोरं पाच, मुली दोन. वारस दाखल्यावर कोणाचं नाव आधी यावरून जे सुरू झालं ते बघून मी वकिली शिकायचा विचार सोडला, खरंच. शेवटी एका बिल्डरने सगळ्यांना फ्लॅट दाखवले, सह्या झाल्या, आणि दोन काकांनी ते फ्लॅटही विकले. यात दिबांचा काय दोष, त्यांनी मिळवून दिलं, टिकवायचं आमचं काम होतं.

आणि हो, तुझी कोपरखैरण्याची ती बिल्डिंग, खाली मेडिकल आणि इस्त्रीवाला, वर चार मजले, जिथल्या गच्चीवर आपण पतंग उडवायचो? ती आमच्याच गावातल्या एका घराच्या साडेबाराच्या प्लॉटवर आहे. तुझ्या बाबांना माहीत असेल, कागदावर लिहिलेलं असतं.

तर विमानतळ. दिबा 24 जून 2013 ला गेले. 2021 ला त्याच तारखेला बेलापूरला सिडकोवर मोर्चा निघाला, कोरोना होता तरी अख्खा रस्ता भरलेला, मी मास्क लावून उभा होतो आणि घरी बायकोने आठ दिवस वेगळ्या खोलीत टाकलं. 2022 ला विधिमंडळाने दिबांच्या नावाचा ठराव केला, प्रस्ताव दिल्लीला गेला. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, तेव्हा बोर्डवर नाव नव्हतं. म्हणून तो दंगा. बाहेरच्याला वाटतं की पुतळे-पाट्यांचं राजकारण, आणि थोडं आहेच ते, व्यासपीठावर पुढे कोण उभे असतात ते मी पण बघतो. पण त्या धावपट्टीखाली भातशेती होती रे, तिथली दहा गावं उठली.

जानेवारीत येणारच आहेस तर 16 तारीख धरून ये. जासईला दरवर्षी लोक जमतात. नेरूळहून उरणची लोकल आता सुरू आहे, गाडी काढायची गरज नाही. भाषणं लांब होतात, सकाळी खाऊन निघू. आई विचारत होती की तू अजून सुकट खातोस का, तर तेवढं कळव.

तुझा,
पक्या