ओंकारला, कबबद्दल

प्रिय ओंकार,

तुझा मेसेज वाचला. "आई आता हे काय नवीन खूळ, सेसना चालवत होतीस ते काय वाईट होतं" आणि खाली डोक्याला हात लावलेले इमोजी. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून लिहिते. आणि बाबांना मध्ये घालू नकोस, त्यांना विमानातलं एवढंच विचारायचं असतं की तासाला किती पडतात.

तर हे पायपर जे-३ कब, छोटं जुनं विमान, हल्ली मी उडवायला शिकतेय ते. पिवळं, १९४६ चं, दोन सीट एकामागे एक, इंजिन ६५ हॉर्सपॉवरचं, म्हणजे तुझ्या गाडीचं सुद्धा याच्या दुप्पट असेल. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवून चालू करायचं. पेट्रोलचा काटा पण नाही रे, टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असते, खाली तिला बूच लावलेलं, पेट्रोल कमी होईल तशी तार खाली जाते. काचेसमोरच दिसते ती उडताना. मला आवडली बाई ही सिस्टिम, बिघडायला काही नाहीच त्यात. आणि "जुनं आहे" म्हणून घाबरू नकोस, आत स्टीलच्या नळ्या, वरून कापड, आणि दरवर्षी मेकॅनिक सगळं उघडून तपासतो, सही केल्याशिवाय उडवताच येत नाही.

आता सेसना का नको. मी चालवायचे त्या सेसना विमानाला तिसरं चाक पुढे असतं, वजन मुख्य चाकांच्या पुढे पडतं, त्यामुळे उतरताना थोडं वाकडं टेकलं तरी ते आपोआप सरळ होतं. कबचं तिसरं चाक शेपटीला, वजन मुख्य चाकांच्या मागे. म्हणजे नाक जरा डावीकडे गेलं की मागचं वजन म्हणतं चल अजून जाऊया, आणि वेळेत पेडलवर पाय मारला नाहीस (त्याने शेपटीवरचं रडर, म्हणजे सुकाणू, फिरतं) तर विमान जागच्या जागी गरकन फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. सुपरमार्केटमधली ट्रॉली उलटी ढकलून बघ एकदा, फिरकी चाकं मागे ठेवून, लगेच कळेल. तर सेसनात माझे पाय नुसते ठेवलेले असायचे, परवाना मिळाला तरी पायांना काही येत नव्हतं हे कबमध्ये बसल्यावर पहिल्या वळणालाच दिसलं, स्टिक (हातातला दांडा) डावीकडे केली तर नाक आधी उजवीकडे! रडर दिल्याशिवाय वळतच नाही ते नीट. हे शिकायचंय मला, जुन्या विमानाचं कौतुक वगैरे नंतर.

मास्तर पुढे बसतात, मी मागे, कारण कब एकट्याने उडवायचं तर मागूनच, बॅलन्ससाठी. समोर दिसते फक्त त्यांची पाठ आणि टोपी. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चालवत नेताना, सापासारखं नागमोडी जायचं, एकदा डावीकडून डोकवायचं एकदा उजवीकडून. टेकऑफला शेपूट उचललं की नाक डावीकडे पळतं, उजवा पाय तयारच ठेवायचा. ब्रेक टाचेने मारायचे, आणि शक्यतो मारायचेच नाहीत.

लँडिंगचं सांगते, कारण सगळी मजा (आणि सगळी शिव्या खाण्याची कामं) तिथेच. फ्लॅप (उतरताना पंखाच्या मागे खाली करायच्या पट्ट्या) नाहीत, उंची जास्त राहिली तर विमान तिरकं करून घसरवत खाली आणायचं, एक पंख खाली, पाय उलट्या बाजूला. मग गवताच्या अगदी जवळ येऊन ते टेकू द्यायचंच नाही, स्टिक मागे, अजून मागे, पोटाला लागेपर्यंत, आणि मग तिन्ही चाकं एकदम टेकली पाहिजेत. तेव्हा नाक वर असतं, पुढचं काही दिसत नाही, दोन्ही बाजूंच्या गवताच्या कडा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या. टेकलं की मला वाटायचं झालं, आणि मास्तर ओरडायचे "फीट! फीट!" (पाय! पाय!), कारण वेग कमी होतो तसा रडरला वारा मिळत नाही आणि विमान नेमकं तेव्हाच पळायला बघतं. पार्किंगमध्ये उभं करेपर्यंत पाय चालू.

उजवीकडचं दार उडताना उघडं ठेवता येतं हे तुला सांगितलं नव्हतं, आता चिडू नकोस. वरचा अर्धा भाग पंखाला अडकवायचा, खालचा लोंबत राहतो. आणि गंमत म्हणजे वेग फार कमी होऊन विमान स्टॉलजवळ (पंख विमान पेलू शकत नाहीत त्या अवस्थेजवळ) आलं की तो खालचा भाग हळूहळू आपोआप वर तरंगायला लागतो. मास्तर स्पीडच्या काट्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, दार बघ.

धोका आहेच, नाही कशाला म्हणू. पण ग्राउंड लूप होतो तो बहुतेक जमिनीवर कमी वेगात, पंखाचं आणि खिशाचं नुकसान जास्त. मला खरी भीती पंखा फिरवण्याची वाटते, म्हणून ते मी एकटी कधीच करत नाही, शेपूट बांधलेलं, चाकांना ठोकळे, आत माहितगार माणूस. आडवा वारा जास्त असेल तर घरी बसते. आणि आम्ही गवतावर उतरतो, डांबरापेक्षा गवत बरंच सांभाळून घेतं.

वयाचं म्हणशील तर जेआरडी टाटांनी १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ आपल्या जुहूला उतरवलं ना, ते पण असंच शेपटीवर बसणारं विमान, आणि १९८२ ला तोच प्रवास त्यांनी लेपर्ड मॉथमधून परत केला, ७८ व्या वर्षी. मी पार्ल्याची, मला वय सांगू नकोस.

लॉक हेवनला, पेनसिल्व्हेनियातल्या कबच्या गावाला, पण जाऊन आलो आम्ही, घरापासून लांब नाही. १९३७ ला ब्रॅडफर्डचा कारखाना जळल्यावर पायपरने तिथल्या जुन्या सिल्क मिलमध्ये बस्तान हलवलं आणि १९४७ पर्यंत २०,००० च्या आसपास कब बनवले. आता म्युझियम आहे. बाबा पण चक्क रमले.

"कधी संपणार हे" विचारलंस. तास ठरलेले नसतात, टेकऑफ, लँडिंग, आडवा वारा, व्हील लँडिंग, गो-अराउंड (उतरता उतरता परत वर जाणं), हे सगळं मास्तरांच्या मनासारखं झालं की ते लॉगबुकात सही करतात. सध्या व्हील लँडिंगवर गाडी अडलीये, पुढच्या दोन चाकांवर टेकवायचं आणि लगेच स्टिक पुढे, माझा हात अजून ऐकत नाही, उडी मारतं.

सही झाली की तुला नेणार. त्याआधी ९० दिवसांत टेलव्हीलवर (म्हणजे अशा शेपटीला चाक असलेल्या विमानात) पूर्ण थांबून तीन लँडिंग झालेली लागतात, ती मी करून ठेवेन. तू पुढे बसशील, तुझे पाय पेडलवरून लांब ठेवायचे. आणि विमानाचं एकूण वजन १,२२० पौंडांच्या वर जाता कामा नये, त्यात विमान स्वतः, पेट्रोल, तू आणि मी. तेव्हा तुझं वजन कळव, जिममध्ये सांगतोस ते नाही, खरं.

आई

ता.क. थँक्सगिव्हिंगला येताना जाड जॅकेट आण, हीटर नावालाच आहे.