मामांची सीट आणि आमची सीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवारच्या अंकात मामांच्या मोडक्या सीटची बातमी आपण पहिल्या पानावर ठळक छापली, ते बरंच केलंत. केंद्रीय मंत्री आणि आमचे माजी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान, ज्यांना इकडे सगळे मामाच म्हणतात, यांना भोपाळ-दिल्ली विमानात खचलेल्या सीटवर बसावं लागलं, याचं आम्हा मध्य प्रदेशवाल्यांनाही वाईट वाटलं. माझी तक्रार बातमीबद्दल नाही. आतल्या पानावर जी चौकट टाकलीत, 'सीट नादुरुस्त निघाल्यास प्रवाशाने काय करावे', तिच्याबद्दल आहे. शांतपणे कर्मचाऱ्यांच्या लक्षात आणून द्या, फोटो काढा, कंपनीला ईमेल करा, एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा. वा! चौकट लिहिणाऱ्याने यातलं काही स्वतः करून पाहिलंय का, एवढंच विचारायचंय. मी केलंय. आपण दिलंय त्याच क्रमाने.

दिवाळीनंतर भाचीच्या लग्नाला सासूबाईंना घेऊन इंदूरहून पुण्याला गेले. त्यांचं वय शहाऐंशी, डावा गुडघा वाकत नाही. म्हणून जास्तीचे पैसे भरून पुढच्या भागातली, कडेची सीट घेतली. तिकिटाचे वेगळे, सीट निवडायचे वेगळे, हे तर आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. आई बसल्या, पाठ टेकली आणि पाठच मागे गेली. बटणाला हातही लावला नव्हता. मी सरळ केली, ती परत मोडक्या छत्रीसारखी उलटली. मागच्या रांगेतल्या गृहस्थांच्या मांडीवरच म्हणा ना. ते बिचारे आपले इंदुरी, म्हणाले, "आंटीजी, आप टिक जाओ आराम से, मैं हूँ पीछे।" आणि खरोखरच दोन्ही गुडघे सीटला लावून बसले.

एअर होस्टेसला बोलावलं. शांतपणे लक्षात आणून दिलं, आपल्या चौकटीप्रमाणे. ती म्हणाली, विमान फुल आहे, मॅम. टेक-ऑफच्या आणि लँडिंगच्या वेळी आजींना जरा पुढे होऊन बसायला सांगा. शहाऐंशी वर्षांच्या बाईला! शेवटी आईंना माझ्या मधल्या सीटवर घेतलं. तो गुडघा आत घालताना त्यांच्या तोंडून जे 'आई गं' निघालं ते तीन रांगांना ऐकू गेलं असेल. मी त्या सीटवर बसले, पुढची सीट दोन्ही हातांनी धरून. तेवढ्यात तीच मुलगी माइकवर प्रेमळ आवाजात सांगू लागली, कृपया आपल्या सीटची पाठ सरळ ठेवा.

पण मला संताप आला तो याने नाही. सीटच्या हाताच्या आतल्या अंगाला चिकटपट्टीचा चौकोनी डाग होता. ताजा, बोटाला चिकटणारा. एका कोपऱ्यात कागदाचा टवका राहिला होता, त्यावर लाल इंग्रजी अक्षराचं शेपूट. म्हणजे ही सीट बंद आहे, असं कोणीतरी लिहून चिकटवलं होतं आणि दुसऱ्या कोणीतरी ते ओढून काढलं होतं. मामांनाही क्रूने हेच सांगितलं ना, की ही सीट चांगली नाही, हिचं तिकीट विकू नका, असं व्यवस्थापनाला आधीच कळवलंय? बातमीतली ती ओळ वाचली आणि तो चिकट डाग परत बोटाला लागल्यासारखं झालं. सीट मोडते, समजू शकतो. दिवसभर माणसं त्यावर बसतात, ती मोडणारच. मोडलेली आहे हे ठाऊक असून पूर्ण पैशाला विकायची, याला काय म्हणायचं? मामांनी ही प्रवाशांची फसवणूक नाही का, असं विचारलं. आम्ही विचारलं असतं तर 'आंटी, आवाज कमी करा' असं ऐकावं लागलं असतं.

माझा एक भाचा विमानांच्या देखभालीच्या कामात आहे. लग्नात त्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, मावशी, मोडक्या सीटसकट विमान उडू शकतं, त्यात बेकायदा काही नाही. काय बिघडलेलं असताना विमान सोडता येतं, याची मंजूर यादीच असते. सीटची पाठ सरळ स्थितीत अडकून बसली असेल तर तिथे माणूस बसवता येतो. पण पाठ सरळ राहतच नसेल तर ती सीट बंद करायची, तशी चिठ्ठी लावायची आणि तिथे कोणाला बसवायचं नाही. कारण विचारलं तर म्हणाला, विमानाला मंजुरी देताना ते निम्म्या दारांतून नव्वद सेकंदांत रिकामं होतं की नाही हे बघतात. अंधारात, धुरात मागच्या माणसाला बाहेर पडायचंय आणि तुझ्या सीटची पाठ त्याच्या मांडीवर, मग तो निघणार कसा? वर हेही सांगितलं, की आजकालच्या विमानांतल्या सीटची चाचणी सोळा जीच्या झटक्याला घेतात, म्हणजे आपल्या वजनाच्या सोळापट जोर पुढे बसला तरी ती टिकली पाहिजे. आमची सीट आईंच्या बेचाळीस किलोला टिकली नाही.

आता आपल्या चौकटीची पुढची पायरी. कंपनीला ईमेल केला. उत्तर आलं, फोटो पाठवा. फोटो होता, मागच्या गृहस्थांनीच काढून दिला होता, तो पाठवला. मग उत्तर आलं की झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत आणि सदिच्छा म्हणून एक व्हाउचर देत आहोत. कशाचं, तर पुढच्या प्रवासात आवडीची सीट निवडण्याचं! नव्वद दिवसांच्या आत. संपादक महोदय, आमच्या ह्यांना एरवी हसू फुटणं कठीण, पण त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून हसले.

एअरसेवावर तक्रार टाकली. काही दिवसांनी ती 'निकाली' निघाली. कंपनीने उत्तर दिलंय, हाच निकाल.

नियमही वाचून काढले, रिकामपण आहे म्हणून. तिकीट असून विमानात घेतलं नाही, तर भरपाई आहे. दहा हजार, वीस हजारांपर्यंत. वरच्या वर्गाचं तिकीट असून खालच्या वर्गात बसवलं, तर 2023 पासून देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या 75 टक्के रक्कम करांसकट परत. छान. पण आम्ही इकॉनॉमीवाले. आमच्या खाली वर्गच नाही. सामानाच्या कप्प्यात बसवलं तरच आमचा वर्ग उतरला असं म्हणता येईल. त्याच 2023 सालच्या नोव्हेंबरमध्ये एका विमान कंपनीला दहा लाखांचा दंड झाला, त्यातलं एक कारण नादुरुस्त सीटची भरपाई न देणं हे होतं. पण तेही परदेशी प्रवासातल्या बिझनेस क्लासवाल्यांचं. त्याच महिन्यात पुणे-नागपूर विमानात एका बाईंच्या सीटला गादीच नव्हती, तो फोटो सगळ्या मोबाईलवर फिरला, आपणही पाहिला असेल. हैदराबादला ग्राहक आयोगाने 2024 मध्ये भरपाई देववली, पण कोणाला? राज्याच्या पोलीस महासंचालकांना आणि त्यांच्या पत्नीला. त्यांच्या महागड्या सीटची पाठ बटण दाबूनही मागे जात नव्हती म्हणून. आमची न दाबता जात होती, हा काय तो फरक!

मामांना दोष देत नाही. इतर प्रवाशांनी आपली जागा देऊ केली तरी ते उठले नाहीत, हे मला आवडलं. पण त्यांनी समाजमाध्यमावर लिहिलं आणि त्याच दिवशी कंपनीची माफी आली, विमान वाहतूक मंत्र्यांनी दखल घेतली, विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा, डीजीसीए, तीही लक्ष घालणार म्हणे. यंत्रणा हलते, झोपलेली नाही, हे तरी कळलं. ती कोणाच्या हाकेला ओ देते, तेही कळलं.

आपण म्हणाल, एवढा त्रास तर विमानाने जाता कशाला. बरोबर. पण आम्ही जावं कसं, ते सांगा. पुण्याची गाडी आहे, ती उज्जैन, रतलाम, बडोदा, सुरत असा अर्धा गुजरात दाखवून मग महाराष्ट्रात नेते. बसने जायचं तर रात्रभर बसून, सेंधव्याच्या घाटातले ट्रक मोजत. त्या गुडघ्याला दोन्ही झेपत नाही. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाच्या गोष्टी ऐकत आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. 2024 च्या सप्टेंबरमध्ये एकदाची मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, 309 किलोमीटर, 18,036 कोटी रुपये. आपल्याकडेही ती बातमी नकाशासकट आली होती. त्यानंतर त्या मार्गाचं काय चाललंय, यावर आपल्या अंकात एक ओळ दिसली असेल तर मला दाखवा. आमच्या लोकमान्यनगरात घरटी कोणी ना कोणी पुण्याला असतं, तेव्हा वाचक मिळणार नाहीत ही भीती बाळगू नका.

मागणं एवढंच आहे. मामांच्या त्या विमानातली सीट दुरुस्त झाली का, हे महिन्याभराने परत छापा. नादुरुस्त सीट कळवल्यावर ती विक्रीतून काढायचं काम नक्की कोणाचं आणि चिठ्ठी कोण काढू शकतं, हे डीजीसीएला विचारून छापा. ती खरी चौकट होईल. आणि 'तक्रार करा' असं लिहिताना त्यातच सांगा, की ग्राहक आयोगात आता राहत्या गावीच दावा लावता येतो, कंपनीच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. हे आपल्या चौकटीत नव्हतं. मला पुतण्याने सांगितलं. इंदूरच्या आयोगात द्यायचा माझा अर्ज लिहून तयार आहे. सोबत बोर्डिंग पास, सीटचे जादा पैसे घेतल्याची पावती, त्या डागाचा फोटो आणि व्हाउचरची प्रत. मागच्या गृहस्थांनी नंबर दिलाय, साक्ष देईन म्हणालेत.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. मागच्या वेळी पाणीपुरवठ्यावरचं माझं पत्र आपण निम्मं कापलंत आणि नेमकं मुद्द्याचं कापलंत. या वेळी कापायचंच असेल तर आमच्या ह्यांच्या हसण्याचं कापा. चिठ्ठीचं राहू द्या.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
लोकमान्यनगर, इंदूर
24 फेब्रुवारी 2025