फिल्म संपलीय, मोबाईलवर फोटो घ्या!

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

काल तुमच्या पेपरात सरकारी दवाखान्यांच्या थकलेल्या बिलांची आणि औषध टंचाईची बातमी वाचली. अधिकाऱ्यांचं म्हणणं काय तर निधी आहे, फक्त प्रक्रिया चालू आहे. वाचून डोकंच फिरलं, म्हणून लिहितोय.

ही प्रक्रिया आम्ही गेल्या पावसाळ्यात बघितलीय. आई अंगणात घसरून पडली, मनगट टम्म सुजलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं (तालुका कुठला ते लिहीत नाही, परत तिथंच जायचंय आम्हाला). केसपेपर काढला, रांगेत थांबलो, एक्स-रे पण काढला, मशीन चांगलं नवं आहे, उगाच खोटं का बोला. पण फिल्म नाही! तिथला पोरगा स्क्रीन आमच्याकडं फिरवून म्हणतो, "मोबाईल आहे न्हवं? फोटो मारून घ्या." मारला. त्या फोटोत हाड कमी आणि वरची ट्यूबलाईट जास्त. डॉक्टरांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला, दोन बोटांनी मोठं करून बघितलं आणि शेवटी म्हणाले बाहेरून काढून आणा. बाहेर म्हणजे काय, रस्ता ओलांडला की लॅब. तिथं पाचशे रुपये, प्लास्टरचं सामान मेडिकलमधून आणायचं ते वेगळंच. आई कर्नाटक सरकारच्या 'शक्ती' योजनेतल्या बायकांच्या फुकट एसटी तिकिटावर आली होती, तिचा जीव त्या पाचशेवरच अडकला, हात राहिला बाजूला.

डॉक्टरांवर माझा राग नाही, ते बिचारे एकटेच शंभर पेशंट बघत होते. राग आहे तो पैशाच्या हिशेबावर. 'आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक' या सरकारी उपचार योजनेत बीपीएल कार्डवाल्या घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, एपीएलवाल्यांना खर्चाच्या ३० टक्के. सरकारी दवाखान्यात या योजनेतून उपचार झाले की क्लेमचे पैसे दवाखान्याला येतात. वर दवाखान्याचा कारभार बघायला आरोग्य रक्षा समिती आहे, आमदारसाहेब अध्यक्ष. मग फिल्मच्या पाकिटासाठी बेंगळूरची वाट कशाला बघायची? समितीची मीटिंग कधी झाली, पैसे किती आले, कशावर गेले, एवढं एका कागदावर लिहून केसपेपरच्या खिडकीशेजारी चिकटवा की. आमदारांच्या फोटोचा बॅनर लावायला तिथं जागा आहे, हिशेबाला नाही.

आणि गंमत बघा, २०२५ च्या मे महिन्यात सरकारनं दवाखान्याच्या आवारातली स्वस्त औषधांची जनऔषधी केंद्रं बंद करायचा आदेश काढला. कारण काय? तर आत औषधं मोफतच मिळतात! प्रकरण हायकोर्टात गेलं. ज्यानं हा आदेश काढला त्यांनी एकदा आमच्याकडं बीपीच्या गोळ्यांसाठी रांगेत उभं राहून बघावं.

आम्ही सीमाभागातले तर दोन्हीकडून पाहुणे. महाराष्ट्रानं इकडच्या ८६५ गावांसाठी मोफत उपचारांची महात्मा फुले योजना जाहीर केली, कर्नाटकनं लगेच विरोध केला, दोन्हीकडच्या नेत्यांची भाषणं झाली, आणि निपाणी-चिकोडीकडचा पेशंट आजपण गाडी करून कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यातच पळतोय. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला विधानसभेचं अधिवेशन भरलं की सगळं मंत्रिमंडळ इथंच असतं, त्यातल्या एखाद्यानं अर्धा तास काढून तालुक्याच्या दवाखान्यात न सांगता जावं. सांगून गेले तर काय, आदल्या रात्री बेडशीटं पण बदलतील आणि फिल्म पण मिळेल.

जाता जाता तुमच्याबद्दल पण बोलतो, राग मानू नका. एवढी महत्त्वाची बातमी तुम्ही आतल्या पानावर तळाला टाकली आणि तिच्या डोक्यावर अर्धं पान वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात, त्यात सतराशे साठ फोटो. जाहिरातीवर पेपर चालतो ते कळतं आम्हाला. पण पुढच्या वेळी त्याच पुढाऱ्यांना जाहिरातीचा मजकूर घेताना समितीचा हिशेब पण मागा आणि तो पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक जुना वाचक, बेळगाव जिल्हा