साहेबांना खुर्चीवर बसवलं

जळगाव, 16 नोव्हेंबर 2025

प्रिय बाळ्या,

तुझ्या धुळ्याच्या ऑफिसातले कॉम्प्युटर रखडतात आणि अर्ज देऊनही साहेब ऐकत नाहीत, हे रडगाणं वाचलं आणि हसूच आलं. आमच्याकडे परवापर्यंत तेच होतं. सकाळी बटण दाबायचं, खाली जाऊन चहा घ्यायचा, वर आलं तरी पडद्यावर ते गोल फिरतंच आहे. साहेबांचं उत्तर ठरलेलं : "चालू आहे ना? मग झालं!"

तुझ्यासारखा अर्ज मीही दिला होता. रॅम, प्रोसेसर, एसएसडी, सगळं लिहून. कुठल्या फायलीत गेला देव जाणे. साहेब पाइपच्या प्लांटवर मुरलेला माणूस, त्यांना रॅमचं काय!

मग दिवाळीआधी कॅलेंडरच्या मागे टिपायला लागलो. चालू व्हायला 7 मिनिटं, हिशेबाचं टॅली उघडायला 3, एक्सेल अडकलं त्याची 5... तिघांचे मिळून दिवसाला दोन तास. 25 दिवसांचे 50 तास, म्हणजे एका माणसाचा सहा दिवसांचा पगार नुसता वाट बघण्यात.

पण नुसत्या कागदानं काम झालं नसतं भो. 11 तारीख, जीएसटीआर-1 चा, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राचा, शेवटचा दिवस. गेटवर भरलेला ट्रक उभा, माल न्यायला लागणारं ई-वे बिल निघेना. ड्रायव्हर दोनदा वर येऊन गेला. मी म्हटलं, "साहेब, बसा जरा माझ्या खुर्चीवर, त्याला समजावून येतो." परत आलो तर साहेब माउस टेबलावर आपटताहेत! तेव्हा कागद पुढे सरकवला आणि विचारलं, "एक्स्ट्रूडरची डाय, पाइपचा साचा, झिजली तर आपण पाइप वाकडा येईपर्यंत थांबतो का?" काही बोलले नाहीत. चष्मा लावून कागद वाचला, दोनदा.

एक कर, सगळं नवं मागू नकोस. आमच्या दोन मशीन बऱ्या होत्या, फक्त जुनी हार्ड डिस्क रखडत होती. तिच्या जागी वेगवान एसएसडी टाकून आणि रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, वाढवून भागलं. माझी मात्र सहाव्या पिढीच्या प्रोसेसरची. विंडोज 11 ला इंटेलची आठवी तरी लागते, आणि विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबरला बंद झाले. बँकेचं सगळं त्याच मशीनवर, हे ऐकल्यावर साहेब सरळ बसले आणि ती नवी घेतली. वर खरेदीत भरलेल्या 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, आणि आयकरात नफ्यातून वजा होणारा घसारा कॉम्प्युटरवर 40 टक्के. आता घेतल्यामुळे 31 मार्चपर्यंत 180 दिवस भरत नाहीत, म्हणून यंदा तो निम्माच. सप्टेंबरात ऐकलं असतं तर? जाऊ दे.

दुसरा मॉनिटर मागितला तर म्हणाले, "टीव्ही बघायचाय का?" तो पुढच्या खेपेला.

पुढच्या रविवारी ये. भरताची वांगी आली आहेत, शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजू. येताना तुझ्या ऑफिसच्या आठ दिवसांच्या नोंदी आण, हिशेब इथेच मांडू. आणि साहेबांना सांगायचा दिवस गर्दीचाच निवड.

तुझाच,
पम्या