समुद्र कुणाचा, हे १८७६ मध्येच ठरलंय

संपादक महोदय,

किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या हक्काचा विषय निघाला की मला १८७६ सालची मुंबई हायकोर्टातली केस आठवते, बबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा. मच्छीमारांचाच आपसातला वाद, समुद्रात जाळ्यांचे खुंट कुणी कुठे रोवायचे यावरून. कोर्टाने सांगितलं की समुद्राखालची जमीन सरकारची असो वा नसो, मासेमारीचा हक्क सगळ्यांचा आहे, ती कुणाची खासगी मालमत्ता नाही, फक्त दुसऱ्याला अडथळा होईल असं वागायचं नाही आणि काही भागांत स्थानिक रूढीने नियम असू शकतात. रूढी! इंग्रजांच्या कोर्टाने कोळ्यांच्या रिवाजाला जागा दिली, मग आज भराव टाकताना, जेट्टी बांधताना त्यांना आधी विचारायला काय हरकत आहे?

— एक वाचक