कोणता रुपया? हाली की कलदार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात रुपयाच्या घसरणीवर लेख आला आहे. त्यात '१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर' असे वाक्य आहे. दर पंधरा ऑगस्टला हे वाक्य मोबाइलवर फिरते, तेव्हा मी सोडून देतो. पण वर्तमानपत्रात छापून आले की लोक ते खरे धरतात. नववीत शिकणाऱ्या माझ्या नातीने ते निबंधाच्या वहीत उतरवून घेतले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हे वाक्य चूक आहे. त्या वेळी रुपया पौंडाशी बांधलेला होता. रुपयाला दीड शिलिंग (पौंडाचे वीस शिलिंग), म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै असत. एका पौंडाला ४ डॉलरच्या किंचित वर मिळत. त्या हिशेबाने डॉलर साधारण ३ रुपये ५ आण्यांना पडे. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड उतरवला, त्याच्यामागे आपला रुपयाही उतरला आणि डॉलर पावणेपाचच्या घरात गेला. ६ जून १९६६ रोजी तो साडेसात रुपये झाला. पुढे जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झाले.

एवढीच चूक असती तर कदाचित लिहिले नसते. मला जास्त लागले ते हे, की मराठवाड्यातून निघणाऱ्या वर्तमानपत्राने १९४७ चा 'रुपया' म्हणताना कोणता रुपया, हे विचारलेच नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि आमच्याकडे हाली चालत होता. निजामाचा सिक्का, त्यावर चारमिनार, आणि शेवटचे निजाम उस्मान अली यांच्या नाण्यावर चारमिनारच्या कमानीत 'ऐन' हे उर्दू अक्षर. नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीही असे. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला कलदार म्हणत. ७ हाली म्हणजे ६ कलदार. शंभर कलदाराला हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. जुन्या हाली रुपयात चांदी शेकडा ८२ च्या आसपास, कलदारात ९१-९२, शिवाय हाली वजनालाही थोडा हलका. दोन्ही नाण्यांतल्या चांदीचा मेळ घातला तर तेच सहा-सातचे प्रमाण निघते. म्हणजे हा भाव कोणी हवेतून काढलेला नव्हता. १९४७ साली येथल्या माणसाला डॉलर लागलाच असता, तर हाली ३ रुपये १४ आण्यांच्या आसपास मोजावे लागले असते.

माझ्या आजोबांचे येडशीला भुसाराचे दुकान होते. जोंधळा, तूर, करडई. येडशी निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या, सोलापूर जिल्ह्यात. मधे काही कोसांचेच अंतर. माल बार्शीच्या अडतीवर गेला की पैसा कलदारात यायचा आणि घरी शेतकऱ्याला द्यायचा तो हालीत. त्यांची लाल कापडी पुठ्ठ्याची वही माझ्याकडे आहे. मोडी लिपी, प्रत्येक पानावर दोन रकाने, वर 'क.' आणि 'हा.'. एका ओळीत तुरीचे क. ६०, समोर हा. ७०, आणि खाली बारीक अक्षरात सराफाचा बट्टा, म्हणजे नाणे बदलून देण्याची कपात, ३ आणे. वडिलांना त्यांनी हिशेब शिकवला तो असा: 'कलदाराचा हाली करताना सहाला एक जोड, हालीचा कलदार करताना सातातला एक सोड.' वडिलांनी तोच मला शिकवला. मी बँकेत कॅशियर झालो, पण हे गणित मी शाळेत किंवा बँकेत शिकलो नाही.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला आणि पाठोपाठ निजाम सरकारने वटहुकूम काढला, की भारताचे चलन संस्थानात चालणार नाही. वहीत त्यानंतर कलदाराचा रकाना कोराच आहे. पाने उलटावी तर डावीकडे नुसती पांढरी पट्टी, थेट पोलीस ॲक्शनपर्यंत, म्हणजे भारतीय फौजा संस्थानात आल्या तोपर्यंत. सप्टेंबर १९४८ नंतर पहिल्यांदा 'क.' खाली आकडा आहे तो ११ रुपयांचा, त्याच्यापुढे आजोबांनी 'श्री' लिहिले आहे. एरवी ते फक्त पाडव्याला लिहीत.

१९५० पासून दोन्ही रुपये सरकारमान्य होऊन त्याच सहा-सातच्या भावाने शेजारी शेजारी चालले. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा बाजारात हालीचे आणे, कलदाराचे आणे आणि वर नवे पैसे, अशी तीन गणिते एकाच गल्ल्यावर. एक हाली म्हणजे साधारण ८६ नवे पैसे. १९५९ साली हाली कायमचा गेला.

हे सगळे विसरल्याचा त्रास आजही होतो. आमच्या भावकीत शेताच्या वाटणीत जुने खरेदीखत निघाले. मूळ कागदावर 'रुपये ७०० सिक्का हाली' असे स्वच्छ आहे. नक्कल करणाऱ्याने शेवटचे दोन शब्द गाळले. मग ७०० धरायचे की ६००, यावरून दोन चुलत घरांत सहा महिने बोलणे बंद होते.

तरी विनंती अशी की, डॉलरचे ते वाक्य दुरुस्त करून छापावे. आणि यंदा १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम पुरवणीत हाली-कलदारासाठी अर्धे पान द्यावे. घरोघरच्या अशा वह्या रद्दीत जात आहेत, त्या आधी वाचकांकडून मागवाव्यात. माझी वही वार्ताहराने येऊन पाहावी, फोटो काढावेत. मोडी वाचून दाखवायला मी बसेन.

आपला,
एक निवृत्त कॅशियर
येडशी, जि. धाराशिव