डाग काळा म्हणून दात काढायचा? आरोग्यमंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनात नागपुरात निवेदनांचा पाऊस पडतो. माझी मागणी त्यामानाने लहान आहे. ज्येष्ठांच्या शिबिरात दात तपासताना भरतात तो कागद बदला.

नागपूरच्या महाल भागातल्या एका शिबिरात 78 वर्षांच्या आईला नेले होते. साखर, रक्तदाब, डोळे नीट तपासले. दातांपाशी मात्र टॉर्च मारला आणि लिहिले, 'किडलेले 3, काढणे'. पुढे दुसऱ्या दंतवैद्याने पाहिले, तर त्या तिनांतला एकच काढण्याजोगा होता. उरलेल्या दोघांच्या मुळांवरचे काळे डाग टणक आणि चकचकीत होते, म्हणजे तिथली कीड केव्हाच थांबलेली. खरी भानगड चौथ्याच दातात निघाली. हिरडीलगत फिकट पिवळा, मऊ पट्टा. तो कागदावर नव्हताच!

म्हातारपणी हिरड्या सरकतात आणि मुळे उघडी पडतात. मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचे कडक आवरण, नसते. इनॅमल विरघळायला तोंडाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साडेपाचच्या आसपास उतरावा लागतो, मूळ मात्र सहाच्या वर असतानाच विरघळू लागते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. आपल्याकडे तर खर्राही आहे, तंबाखूने हिरडी आणखी मागे जाते. ही कीड बरेच दिवस दुखत नाही. रांगेतले एक आजोबा म्हणालेच, "दुखत नाही ना, मग काऊन खोदता?" खोदू नयेच. टोकदार सळईने मऊ मुळाला उलट इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेची सळई गोल टोकाची असते आणि तो गोळा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मुळावरचा खड्डा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल आहे का, हेच पाहायचे असते, म्हणजे माप हातातच आहे.

तेव्हा 'किडलेले: हो/नाही' याऐवजी प्रत्येक उघड्या मुळासाठी एवढेच विचारा: जागा मऊ, चामड्यासारखी की टणक? खड्डा आहे का, आणि किती खोल? रंगाचा रकाना ठेवायचा तर शेवटी ठेवा. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध लावून कीड थांबवली की ती जागा काळीच पडते. रंगावर जाणारा तपासनीस उपचार झालेला दातही काढायला सांगेल.

मऊ पण खड्डा न पडलेल्या मुळासाठी जास्त फ्लोराइडची पेस्ट असते. नेहमीच्या पेस्टमध्ये दहा लाखांत साधारण 1000 भाग फ्लोराइड असते, हिच्यात 5000. ती शिबिरातच मिळावी. आईच्या चौथ्या दाताला वेळेत मिळाली असती, तर तिथे सिमेंट भरावे लागले नसते.

नवा कागद निघाला की एक प्रत पाठवा. पुढच्या शिबिरात तो पाहूनच आईला रांगेत उभी करीन.

आपली,
महालातील एक निवृत्त शिक्षिका